शिपायाच्या पायाखालचे रूळ

टेबलावर लढाया खेळणारी माणसं एक शिपाई रंगवायला आठ-आठ दिवस घालवतात. बटणं, पट्टे, मिशीची टोकं, सगळं बारीक ब्रशने. मग तो शिपाई ज्या चकतीवर उभा राहतो, त्या बेसला मिळतात दहा मिनिटं. गोंद लावला, वाळू टाकली, हिरवा भुसा भुरभुरवला, झालं. माझं मत सरळ आहे: बेस ही सजावट नाही, ती जमीन आहे, आणि जमीन खोटी असेल तर वरचा शिपाईही खोटा वाटतो.

ज्यांनी सँड मॉडेलभोवती उकिडवं बसून ऑर्डर ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे आधी जमीन समजावतात. हा नाला, हा पूल, ही रेल्वे लाइन, ही उंची. त्यानंतर दुश्मन आणि मग आपलं काम. नाला चुकीच्या बाजूला दाखवला तर पुढचं सगळंच चुकतं.

सध्या पोस्टिंग जबलपूरला आहे आणि बिऱ्हाड राइट टाउनमध्ये. मदन महल स्टेशन इथून जवळ. शेजारची कॉलेजची तीन-चार पोरं हा खेळ खेळतात आणि गाव रेल्वेचं असल्यामुळे त्यांना बेसवर रूळ हवेत. रूळ बसवण्याची हौस मला पूर्ण मान्य आहे. माझा आग्रह एवढाच, की रूळ कुठले आणि कधीचे ते ठरवूनच बसवा.

आधी माप. या खेळातला नेहमीचा शिपाई 28 मिलिमीटरचा, म्हणजे प्रमाण साधारण 1:56. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी 1676 मिलिमीटर. छप्पन्नने भागा, दोन रुळांमधलं अंतर 30 मिलिमीटर येतं. लाकडी स्लीपर पावणेतीन मीटरचा, तो होतो 49 मिलिमीटर. पायदळाच्या शिपायाचे बेस सहसा 25, 32 किंवा 40 मिलिमीटरचे असतात. म्हणजे ब्रॉडगेजची पूर्ण लाइन त्यांच्यावर मावतच नाही. मावतो एक रूळ, स्लीपरांची टोकं आणि बाजूची खडी. मग तेवढंच दाखवा! गाडी उभी असताना डब्याजवळ पहाऱ्यावरचा शिपाई असाच एका बाजूला, खडीवर उभा असतो.

बहुतेक जण मात्र मॉडेल रेल्वेची तयार पटरी विकत आणतात आणि तोडून चिकटवतात. ही एचओ पटरी 16.5 मिलिमीटर रुंद, आणि ती बनलेली असते 1:87 प्रमाणाच्या गाड्यांसाठी. 28 मिलिमीटरच्या शिपायाखाली तिची खरी रुंदी होते 924 मिलिमीटर. ही ब्रॉडगेज नाही, नॅरोगेजही नाही. ओढूनताणून मीटरगेज म्हणता येईल. अकोला-खंडवा लाइनचा बेस करणार असाल तर मी डोळेझाक करीन. पण जबलपूरला मीटरगेज कधी नव्हतंच.

जबलपूरला होतं ते ब्रॉडगेज आणि सातपुड्याचं नॅरोगेज. बंगाल-नागपूर रेल्वेची ही 762 मिलिमीटरची लाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. जबलपूरहून हाऊबाग, ग्वारीघाट, नैनपूर, बालाघाट करत ती आपल्या महाराष्ट्रातल्या गोंदियाला पोचायची. 2015 मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद झाली आणि आता तिथे ब्रॉडगेज धावतं. याच रुंदीचे रूळ बार्शी लाइट रेल्वेचे होते, आणि यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतलेचेही. 762 भागिले 56 म्हणजे साडेतेरा मिलिमीटर. पाच फुटी स्लीपर होतो 27 मिलिमीटरचा. 40 च्या बेसवर ही लाइन अख्खी बसते, दोन्ही बाजूंना खडीही राहते. या गावातल्या पोरांनी परदेशी खोक्यातली पटरी कशाला शोधायची? त्यांच्याच गावची लाइन बेसच्या मापाची आहे.

मापानंतर काळ. 1857 चा शिपाई आणि त्याच्यामागे जबलपूरची रेल्वे लाइन, हे होऊच शकत नाही. 18 सप्टेंबर 1857 ला राजा शंकरशाह आणि रघुनाथशाह यांना इथे तोफेच्या तोंडी दिलं, तेव्हा या शहरात रूळ नव्हते. अलाहाबादकडून गाडी आली 1867 मध्ये, आणि मुंबईची लाइन तिला इथे जुळली 1870 मध्ये. 1857 मध्ये कलकत्त्याहून निघालेली गोरी पलटण राणीगंजपर्यंत रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने वगैरे गेली. त्या सालचा बेस करायचाच असेल तर बिहारमधलं आरा घ्या. तिथे रेल्वे इंजिनियर बॉयल याने आपल्या आवारातल्या छोट्या इमारतीची मोर्चेबंदी केली होती आणि कुंवरसिंहांच्या माणसांनी तिला वेढा घातला होता. पण लाइनचं काम तेव्हा चालू होतं. त्यामुळे बेसवर मातीचा भराव आणि विटांचा ढीग शोभेल, चकचकीत रूळ नाही.

यावर पोरांचा सवाल ठरलेला: "अंकल, इतना कौन देखता है?" त्याचीच मराठी आवृत्ती एका जुन्या सोबत्याने ऐकवली. दिवाळीच्या किल्ल्यात महाराज बुरुजापेक्षा उंच असतात आणि मावळा दरवाजात मावत नाही, तिथे कुणी टेप लावतो का? मुद्दा चांगला आहे. पण किल्ला भक्तीने बांधलेला असतो, त्यात महाराज मोठेच असायला हवेत. हा खेळ मात्र टेपनेच खेळतात. शिपाई किती इंच चालला, गोळी किती इंचांवर लागते, यावर हार-जीत ठरते. चालीसाठी टेप काढणाऱ्याने रुळासाठी काढायला काय हरकत आहे?

आणि खर्च म्हणाल तर तयार पटरीपेक्षा कमी. आइस्क्रीमची काडी उभी तीन भागांत चिरली की नॅरोगेजचा स्लीपर तयार, जाडीसकट. रुळाला दीड-दोन मिलिमीटर उंचीची प्लॅस्टिकची पट्टी पुरते. खडीचा दगड साधारण 50 मिलिमीटरचा, म्हणजे बेसवर एक मिलिमीटरहूनही लहान. तेव्हा वाळू चहाच्या गाळणीने गाळून घ्या आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने बसवा. खडी काळी-करडी रंगवून वर ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा तपकिरी हात फिरवा. रूळ गंजाच्या रंगाचे, पण माथ्यावर पेन्सिलीचं शिसं घासून चमक द्या. गाडी चालू असलेल्या लाइनचा माथाच चमकतो, बंद लाइन पूर्ण गंजते. 2015 च्या आधीची लाइन दाखवताय की नंतरची, ते एवढ्यावरून कळतं.

आता मला जी गोष्ट खरी टोचते ती. या खेळाच्या खोक्यांत रायफलवाले शेकड्यांनी मिळतात, पण गँगमन शोधावा लागतो. 1965 च्या लढाईत बाडमेर-मुनाबाव लाइनवर गडरा रोडजवळ 17 रेल्वे कर्मचारी कामी आले. त्यांचं स्मारक तिथे आहे. फौजेची रसद पुढे जावी म्हणून ही माणसं गोळाबारीत लाइनवर होती. ती लाइन तेव्हा मीटरगेज होती, म्हणजे मी वर नावं ठेवलेली पटरीसुद्धा तिथे एक वेळ चालेल. एखाद्या शिपायाच्या हातातली रायफल कापा आणि फावडं द्या. रेल्वेचा बेस केला आणि रेल्वेचा माणूसच नसला, तर ती जमीन अर्धीच दाखवली.

माजी सैनिकांना एक विनंती. रॅम्पवरून गाड्या फ्लॅट वॅगनवर चढवताना, काळ्या ट्रंकेवर बसून मिलिटरी स्पेशलची वाट बघताना, तुम्ही ज्या सायडिंग पाहिल्या त्यातल्या कित्येक आता उखडल्या गेल्या असतील. रॅम्प कुठल्या बाजूला होता, फलाट मातीचा होता की दगडी, पाण्याचा नळ कुठे होता, हे वहीत उतरवून ठेवा. नॅरोगेजचे डबे आणि इंजिनं नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात जाऊन पाहता येतात. सायडिंग मात्र कुठल्याही संग्रहालयात नाही. नातवाने उद्या बेस करायला घेतला, तर तो तुम्हालाच विचारणार आहे.