बॅटरी दोनशेची की पाच हजारांची?

गेल्या वर्षी श्रावणात खानापूरकडे मामांच्या घरी गेलो होतो. पाऊस लागून राहिला होता आणि रात्री नऊच्या सुमाराला करंट गेला. मामी मागच्या दाराने गोठ्याकडे निघाली. दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली बॅटरी तिने घेतली, बटण दाबलं, काही नाही. तळहातावर दोनदा आपटल्यावर ती क्षणभर लागली आणि पुन्हा विझली. मी मागून मोबाईलचा उजेड पाडला, तेव्हा खालच्या पायरीशी काळं, चकचकीत, पांढऱ्या पट्ट्यांचं काहीतरी सरकलं. मण्यार होती. मामी मागे सरली, मण्यार तिच्या वाटेने गेली. सुदैवाने तेवढ्यावरच भागलं.

नंतर कळलं की घरात दुसरी बॅटरीही आहे. मामेभावाने बेंगळुरूहून आणलेली, चांगल्या परदेशी कंपनीची, साडेचार हजारांची. ती कपाटात होती, खोक्यासकट. "एवढी महागाची वस्तू शेणात कशाला न्यायची?" असं मामांचं म्हणणं.

सणावाराला गावी जाताना आपल्यापैकी बरेच जण आईबाबांसाठी किंवा आजीआजोबांसाठी अशी बॅटरी घेऊन जातात. स्वस्त घ्यावी की भारी, हा प्रश्न तेव्हा पडतो. तो सोडवताना खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा ती कोण वापरणार आणि कुठे राहणार, हे आधी बघायला हवं.

उजेड किती लागतो?

आजोबांच्या उशाशी एव्हरेडीची दोन सेलची पितळी बॅटरी असायची. तिच्या बल्बचा उजेड जेमतेम दहा-पंधरा लुमेन असेल. लुमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. आज घरातल्या घरात वावरायला ३० ते ५० लुमेन खूप झाले. अंगणात, पायवाटेवर १०० ते २०० लुमेन आणि शेतात किंवा गोठ्याकडे जायला ३०० लुमेन असले की काम भागतं. त्यापुढचे पैसे बहुधा हौसेचे असतात. आपल्या डोळ्यांना उजेड दुप्पट वाटायला लुमेन साधारण चौपट लागतात, त्यामुळे ५०० आणि १००० मधला फरक कागदावर दिसतो तेवढा अंगणात दिसत नाही.

मोबाईल आहेच की, असं कुणी म्हणेल. पण त्याचा उजेड जवळच पसरतो, चार पावलांपुढचं नीट दिसत नाही. शिवाय करंट नसताना मोबाईलचं चार्जिंग फोन करायला राखून ठेवलेलं बरं.

खोक्यावरचे आकडे

स्वस्त बॅटरीवर कधी १०,००० लुमेन लिहिलेलं असतं, कधी सेलवर ९९०० एमएएच. हे तपासायला एक सोपा हिशेब पुरतो. १८६५० नावाचा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. चांगल्यातल्या चांगल्या कंपनीच्या या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास असते, त्यामुळे ९९०० हा आकडा खोटाच. ३५०० एमएएच आणि ३.६ व्होल्ट म्हणजे साडेबारा वॉट-तास ऊर्जा. एका वॉटमागे साधारण १०० लुमेन धरले, तर १००० लुमेनचा उजेड सव्वा तास मिळेल. अशा एका सेलवर 'हजार लुमेन, दहा तास' कुणी लिहिलं असेल तर ती वस्तू परत ठेवून द्यावी.

भारी बॅटऱ्यांवर बहुधा 'एएनएसआय एफएल १' असं लिहिलेलं असतं. २००९ मध्ये आलेलं हे अमेरिकी मोजमापाचं मानक आहे. फीनिक्स, नाइटकोरसारख्या कंपन्या आपले आकडे त्यानुसार देतात. पण तेही समजून वाचायला हवेत. त्यात २०० मीटर पल्ला म्हणजे २०० मीटरवर जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. आणि चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा. सर्वात जास्त उजेड तर काही मिनिटंच टिकतो, मग तापू नये म्हणून बॅटरी तो आपोआप कमी करते.

जास्तीचे पैसे कशाचे?

स्वस्त बॅटरी सहसा उजेडात कमी पडत नाही, ती ऐनवेळी दगा देते. बटणाची पट्टी ढिली पडते, झाकणातून पाणी शिरतं, आतली स्प्रिंग गंजते. भिंतीच्या प्लगला लावून चार्ज करायच्या अनेक स्वस्त बॅटऱ्यांत शिसं-आम्लाची छोटी बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत दोन-चार महिने पडून राहिली की कायमची बाद होते. मामींच्या हातातली तशीच होती.

म्हणून पैसे लागतात ते धातूच्या अंगाला, चांगल्या बटणाला आणि पाण्यापासून बचावाला. आयपीएक्स ४ म्हणजे उडणारं पाणी चालतं, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालते. आपल्याकडच्या पावसाला आयपीएक्स ७ असेल तर निर्धास्त. हे सगळं हजार-दीड हजारात मिळू शकतं. चार-पाच हजारांची बॅटरी ट्रेकिंगवाल्यांना, गुहेत उतरणाऱ्यांना किंवा रात्रपाळीच्या कामाला शोभते.

भारी बॅटरीची एक अडचणही आहे. एकदा दाबलं की लागते, धरून ठेवलं की उजेड बदलतो, दोनदा दाबलं की लुकलुकते, चारदा दाबलं की कुलूप लागतं. कुलूप लागलं की वडीलधाऱ्यांना वाटतं, बिघडली. त्यांच्यासाठी एकदा दाबून चालू आणि एकदा दाबून बंद होणारी बॅटरीच घ्यावी.

मग काय घ्यावं?

रोज रात्री बाहेर पडणाऱ्या माणसासाठी हजार-दीड हजारांची एक मजबूत बॅटरी. तिथे नेमाने चार्ज करणारं कुणी नसेल तर साध्या पेन्सिल सेलवर चालणारी बघा. सेल गावच्या दुकानातही मिळतात. मात्र ते महिनोन्‌महिने आत ठेवले तर पाझरतात आणि बॅटरी खराब करतात, हे सांगून ठेवा. घरात देवघराशी, जिन्याशी, मीटरच्या पेटीशी दोनशे रुपयांच्या साध्या बॅटऱ्या चालतील. तिथे एखादी लागली नाही तर दुसरी आहे.

आणि भेट देताना किंमत सांगू नका. खोकं स्वतः फोडा, सेल घाला, दोरी बांधा आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवूनच निघा. गणपतीत मामेभावाने तेच केलं. साडेचार हजारांची बॅटरी आता मागच्या दाराशी टांगलेली असते, तिच्यावर शेणाचे डाग पडलेत आणि मामी ती रोज नेते. दर रविवारी दिवेलागणीला मामा ती एकदा लावून बघतात. तुमच्या घरातली शेवटची कधी लावून पाहिलीत?