निवड आणि पात्रता

सन २०२५ च्या नोव्हेंबरच्या दोन तारखेस, ऐन तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत, आमच्या नवी मुंबईंतील नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारतीय महिलांनीं दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनीं पराभव करून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नकोच. परंतु विजयाचे पेढे संपतात न संपतात तोंच घरोघर दुसराच एक सामना सुरू झाला. स्पर्धा आटोपल्यावर आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळानें सर्व देशांच्या खेळाडूंतून उत्तम अकरा जणींचा एक संघ जाहीर केला. हा संघ मैदानावर उतरावयाचा नसतो. तो केवळ मानाचा. भांडण जडलें तें या मानाच्या पंगतीवरून. कोणाचें पान मांडलें, कोणाचें राहिलें, आणि तें कां राहिलें?

सलामीच्या दोन जागांवर दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्व्हार्ट आणि आपल्या सांगलीची स्मृति मानधना यांची योजना झाली. पहिलीच्या धावा ५७१. महिलांच्या एका विश्वचषकांत इतक्या धावा त्यापूर्वीं कोणींच काढल्या नव्हत्या. दुसरीच्या ४३४. या दोघींविषयीं मतभेदास जागा नाहीं. वाद आहे तो बाहेर राहिलेल्यांचा. प्रतीका रावल हिनें ३०८ धावा केल्या. भारतीय संघांत स्मृतीच्या खालोखाल तीच. ऑक्टोबरच्या २३ तारखेस याच नेरूळच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध तिनें १२२ व स्मृतीनें १०९ धावा केल्या, आणि दोघींनीं मिळून २१२ धावांची सलामी दिली. पुढें तीनच दिवसांनीं येथेंच क्षेत्ररक्षण करतांना तिचा पाय दुखावला व स्पर्धा तिच्यापुरती संपली. तिच्या जागीं शफाली वर्मा आली. ही शफाली मूळच्या पंधरांत नव्हती, राखीव खेळाडूंतही नव्हती; आणि अंतिम सामन्यांत ८७ धावा व दोन बळी अशी कामगिरी करून त्या दिवसाची मानकरी तीच ठरली! परंतु मानाच्या अकरांत प्रतीकाही नाहीं आणि शफालीही नाहीं. यष्टिरक्षकाची जागा पाकिस्तानच्या सिद्रा नवाज हिला मिळाली. तिच्या देशास स्पर्धेंत एकही सामना जिंकतां आला नाहीं; उलट विशाखापट्टणम येथें ७७ चेंडूंत ९४ आणि अंतिम सामन्यांत २४ चेंडूंत ३४ धावा काढणारी आपली रिचा घोष बाहेर राहिली.

आतां या वादांत कोण काय म्हणतो तें पाहावें. एक पक्ष म्हणतो, धावांची बेरीज पाहा. प्रतीकेस वगळणें हा अन्याय आहे. दुसरा म्हणतो, बेरजेचें काय घेऊन बसलांत, आणीबाणीच्या वेळीं जी उभी राहिली तीच खरी, शफालीस घ्या. घरांतील एकादें वडील माणूस म्हणतें, यष्टिरक्षकाचें काम यष्टींमागें. तेथें बॅटीचें कौतुक कशाला? कोणी म्हणतो, जिंकलेल्या संघास अधिक मान नको काय? यांतील एकही म्हणणें खोटें नाहीं, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं. ज्यास आपण खेळाडूंविषयींचा वाद समजतों तो वस्तुतः मापांविषयींचा वाद असतो. एकानें तराजू धरला आहे, दुसऱ्यानें गज; आणि दोघांचें उत्तर एक यावें अशी दोघांचीही अपेक्षा!

निवडीवरून झालेला आपल्याकडील अत्यंत प्रसिद्ध तंटा महाभारताच्या सभापर्वांत आहे. युधिष्ठिराच्या राजसूयांत अग्रपूजेचा मान कोणास द्यावा असा प्रश्न निघाला, आणि भीष्मांनीं श्रीकृष्णाचें नांव सांगितलें. शिशुपाल उठला. त्याच्या शिव्या तेवढ्या आपल्या लक्षांत राहिल्या आहेत. परंतु त्याचा युक्तिवादही नीट वाचण्याजोगा आहे. वयोवृद्ध म्हणून मान द्यावयाचा तर वसुदेव येथें आहेत; आचार्य म्हणून द्यावयाचा तर द्रोण; ऋत्विज म्हणून, तर द्वैपायन व्यास. शिशुपालानें घेतलेलें एकेक नांव थोरच आहे. दोष एवढाच कीं, प्रत्येक नांवासरशीं तो माप बदलतो. याउलट आक्षेप येतांच भीष्म आपलें माप उघड करतात: ब्राह्मणांत श्रेष्ठत्व ज्ञानानें, क्षत्रियांत बळानें, हीं दोन्हीं एके ठायीं असलेला दुसरा कोण आहे? हें माप कोणास मान्य होवो वा न होवो, तें सभेपुढें स्वच्छ मांडलेलें आहे.

अमेरिकेंतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्येंही दर हंगामांत असे मानाचे खेळाडू निवडतात. आणि तेथेंही गार्ड, म्हणजे चेंडू खेळवीत नेऊन डाव रचणारे जे खेळाडू, त्यांतील कोणास घ्यावें यावरून मोठी खडाजंगी होते. परंतु २०१७ पासून तेथें पहिल्या पांचांच्या निवडींत निम्में वजन प्रेक्षकांच्या मतांस, पाव खेळाडूंच्या व पाव पत्रकारांच्या मतांस, असें सर्वांस ठाऊक असतें. आम्हीं शाळेंत असतांना वक्तृत्वस्पर्धेसाठीं मुलें निवडीत असूं, तेव्हां पाठांतरास किती गुण, उच्चारास किती, विषयप्रतिपादनास किती, हें आठवडाभर आधीं फळ्यावर लिहीत असूं. निवड झाल्यावर रडणारीं मुलें तेव्हांही असत. परंतु ‘मास्तरांचा लाडका’ हा शब्द मात्र कधीं ऐकूं आला नाहीं.

माप नीट असलें तरी एक दुःख उरतेंच. पात्र माणसें जागांहून अधिक असतात. मुंबईचे पद्माकर शिवलकर यांनीं प्रथम दर्जाच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यांत तामिळनाडूचे आठ गडी १६ धावांत आणि दुसऱ्या डावांत पांच गडी १८ धावांत त्यांनीं बाद केले. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांनीं रणजी सामन्यांत ६३७ बळी घेतले, आणि तो विक्रम आहे. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज. दोघांसही एकही कसोटी सामना मिळाला नाहीं. कारण त्याच काळीं ती जागा बिशनसिंग बेदी यांच्याकडे होती, आणि त्यांनीं कसोटींत २६६ बळी घेऊन ती सार्थ केली. बेदींची निवड योग्य होती म्हणून शिवलकर अपात्र ठरत नाहींत. निवड ही जागेची असते, पात्रता माणसाची. जागा एकच म्हणून गुणही एकाच्याच अंगीं, असें अनुमान काढणें हा तर्कदोष होय. २०१७ सालीं क्रिकेट नियामक मंडळानें या दोघांस सी. के. नायडू यांच्या नांवाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. जागा देतां आली नाहीं तरी नोंद ठेवतां येते, ती अशी.

आणि नेरूळच्या त्या विजयी संघाचे प्रशिक्षक कोण होते? अमोल मुझुमदार. रणजी स्पर्धेंतील पहिल्याच सामन्यांत २६० धावा, पुढें प्रथम दर्जाच्या खेळांत अकरा हजारांहून अधिक धावा व तीस शतकें. परंतु तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या काळांत भारतीय संघांत त्यांस जागा झाली नाहीं. त्याच रात्रीं प्रतीका चाकांच्या खुर्चींतून मैदानावर आली होती. पदकें नियमानें पंधरा जणींसच. तिच्या गळ्यांत तेव्हां पदक नव्हतें. सोबतिणींनीं मात्र तिला आपल्यांत घेऊनच आनंद साजरा केला, आणि पुढें तिलाही पदक मिळालें.

हें सर्व लिहिण्याचा हेतु असा कीं, निवडसमिती प्रत्येक एकत्र कुटुंबांतही बसलेली असते. चार भावांच्या मुलांतून महागड्या शिकवणीस कोणास घालावयाचें, परदेशीं शिकावयास कोणासाठीं कर्ज काढावयाचें, पहाटे उठून क्रीडांगणावर कोणास पोहोंचवावयाचें, हे निर्णय घरांतच होतात. आणि त्यांचें माप बहुधा कोणी मोठ्यानें सांगत नाहीं. पुष्कळदां तें मोठ्यानें सांगण्याजोगें नसतेंच. भाऊ आणि बहीण यांत भावाची निवड झाली, तर ‘ती उद्यां परक्या घरीं जाणार’ हें माप मनांत असतें, आणि ‘त्यास गणितांत दोन गुण अधिक आहेत’ हें ओठांवर. बहीण कितीही लहान असली तरी तिला ही लबाडी कळते. प्रतीकेस वगळलें म्हणून निदान वाद तरी होतो; ज्या मुलीचें नांव यादींतच येत नाहीं, तिच्यासाठीं भांडावयासही कोणी नसतें.

तेव्हां रिचा कीं सिद्रा, हा वाद आमच्या वाचकांनीं अवश्य घालावा. आमचें मत विचाराल तर यष्टिरक्षणास प्रथम मान या मापानें सिद्राची निवड समर्थनीय आहे. आणि सलामीस तिसरी जागा असती तर, संपूर्ण स्पर्धेची कामगिरी हें माप धरून, ती आम्हीं शफालीस न देतां प्रतीकेस दिली असती. परंतु वाद घालतांना नांवापूर्वीं माप सांगावयाची सवय मुलांस लावावी, आणि घरांतील निवडीच्या वेळीं वडीलधाऱ्यांनीं ती स्वतः पाळावी. मुलीचें नांव मुलाच्या बरोबरीनें यादींत असावें. आणि ज्यास जागा देतां आली नाहीं त्यास जवळ बसवून, ‘जागा एक होती, तूं अपात्र नाहींस’ हें त्याच दिवशीं सांगावें. तें काम उद्यांवर टाकूं नये.