डोळ्याला लावल्याशिवाय न दिसणारे यंत्र: ‘व्हर्च्युअल बॉय’ आणि त्याच्या मालकांच्या साक्षी

२१ जुलै १९९५ रोजी निन्टेंडोने जपानमध्ये ‘व्हर्च्युअल बॉय’ हे खेळयंत्र बाजारात आणले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथून ते मागेही घेतले. अमेरिकेत ते १४ ऑगस्टला आले व १९९६ साली गुंडाळले गेले. युरोपात तर ते पोहोचलेच नाही. एकूण खप सुमारे ७ लाख ७० हजार. त्याच कंपनीच्या ‘गेम बॉय’चा खप ११ कोटींच्या पुढे गेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हे अपयश केवढे होते ते कळते.

‘जगातील सर्वांत वाईट कन्सोल’ अशा याद्या निघाल्या की त्यात याचे नाव ठरलेले. यादी करणाऱ्याने ते कधी डोळ्याला लावले असेलच असे मात्र नाही. ज्यांनी ते विकत घेतले, तीस वर्षे कपाटात जपले, त्यांचे आपसात अजूनही एकमत नाही. हा धागा त्या मतभेदाविषयी आहे. कारण निकाल काय लागला यापेक्षा साक्षी का जुळत नाहीत, हा येथे अधिक मोलाचा प्रश्न आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. लाल-काळ्या रंगाची, जाड चष्म्यासारखी पेटी दोन पायांच्या घडवंचीवर टेबलावर ठेवायची, वाकून तिच्यात डोळे खुपसायचे आणि हातातील नियंत्रक चालवायचा. त्या नियंत्रकाच्या पाठीशीच सहा पेन्सिल सेलची डबी. आत प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल एलईडींची एक उभी ओळ आणि तिच्यासमोर झपाट्याने थरथरणारा आरसा. आरसा हलतो तशी ती एकच ओळ पसरत जाऊन ३८४ उभ्या रेघांचे चित्र उभे राहते. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे मिळतात आणि मेंदू त्यांतून खोली निर्माण करतो. हे तंत्र मॅसॅच्युसेट्समधील ‘रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी’ या कंपनीचे. लाल रंगच का, तर लाल एलईडी स्वस्त होते आणि वीज कमी खात. निळे त्या काळी महाग होते.

आता खरी अडचण. टेबलावर वाकलेल्या माणसाला जे दिसते, ते शेजारी उभ्या असलेल्या कोणालाही दिसत नाही. दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत खोली दाखवता येत नाही. मासिकातील छायाचित्रात उरते ती काळ्यावरची सपाट लाल रेघोटी. जत्रेतल्या बायोस्कोपवाल्याला ही अडचण चांगली ठाऊक होती. म्हणून तो पेटीच्या झरोक्याला डोळा न लावलेल्यांनाही ऐकू जाईल असा आतला देखावा गाऊन सांगे. ‘व्हर्च्युअल बॉय’ला असा गाऊन सांगणारा मिळाला नाही. अमेरिकेत ‘ब्लॉकबस्टर’ या साखळी दुकानांतून यंत्र भाड्याने घेऊन पाहण्याची सोय करण्यात आली. परंतु दोन दिवस पाहून परत केलेल्या वस्तूविषयी माणूस जे सांगतो, ते पुष्कळदा पहिल्या अर्ध्या तासाचेच असते.

म्हणूनच मालकांची साक्ष महत्त्वाची. पण ती एक साक्ष नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे पहिला प्रश्न विचारावा: हा मालक मालक केव्हा झाला?

ज्याने १९९५ मध्ये अमेरिकेत १७९.९५ डॉलर मोजले, त्याला आभासी जगाचे वचन देण्यात आले होते. हाती पडले ते मान अवघडवणारे एकरंगी यंत्र, आणि काही महिन्यांतच दुकानदार तेच यंत्र मिळेल त्या किमतीला काढून टाकताना दिसले. त्याच्या बोलण्यातील कडवटपणा रास्त आहे. ज्याने ते त्या पडत्या किमतीत घेतले, त्याची अपेक्षाच बेताची; त्याला ते चमत्कारिक, पण मजेदार खेळणे वाटले. आणि ज्याने पुढे संग्राहक म्हणून चढ्या भावाने मिळवले, त्याला अपयश हाच त्या वस्तूचा अलंकार वाटतो. पदरी पडले आणि पवित्र झाले, ही म्हण पहिल्याला लागू पडली नाही. तिसऱ्याला मात्र नेमकी लागू पडते. तिघेही खरेच बोलत आहेत, पण एकाच वस्तूविषयी बोलत नाहीत.

डोकेदुखीचेही असेच. ‘व्हर्च्युअल बॉय’ म्हटले की डोके दुखते, असे न पाहिलेलेही सांगतात. मालकांत कोणी म्हणतो, दहा मिनिटांत डोळे चुरचुरले. कोणी म्हणतो, तासभर खेळूनही काही झाले नाही. यात कोणी खोटारडा ठरत नाही. दोन डोळ्यांतील अंतर माणसागणिक बदलते. काही जणांना दोन चित्रांतून खोली जाणवतच नाही, आणि त्यांच्यापुरते हे यंत्र खरोखरच निरर्थक आहे. शिवाय भिंगे नीट जुळवून न घेता खेळायला बसणारेही असणारच. कंपनीनेच सात वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असा इशारा छापला होता आणि थोड्या थोड्या वेळाने खेळ आपोआप थांबवण्याची सोय ठेवली होती. खेळण्याच्या मध्येच ‘आता विश्रांती घ्या’ सांगणारे खेळणे ग्राहकाच्या मनात शंका पेरणार नाही तर काय करणार?

मालकांची एक तक्रार मात्र निर्विवाद मानावी लागते. यंत्राच्या खाली दुसऱ्या यंत्राशी जोडण्यासाठी खाच आहे. ती जोडणारी तार कधीच विक्रीस आली नाही. अमेरिकेत यंत्रासोबत मिळणारा खेळ होता ‘मारिओज टेनिस’. टेनिस, आणि तेही एकट्याने! दोन्ही देशांत मिळून अवघे २२ खेळ निघाले. त्यांतील १४ अमेरिकेला मिळाले. खोली हा या यंत्राचा एकमेव दागिना. पण बऱ्याच खेळांत ती नुसती शोभेपुरती आहे. ‘व्हर्च्युअल बॉय वारिओ लँड’ हा ठळक अपवाद. त्यात वारिओ दर्शनी भागातून मागच्या भागात उडी घेतो आणि खोली खेळाचाच भाग होते. यंत्राला नावे ठेवणारे मालकही या एका खेळापाशी मऊ पडतात. नियंत्रकाचीही स्तुती बहुधा सारेच करतात.

याउलट, चाहत्यांचे एक लाडके विधान तपासून पाहता टिकत नाही. ते म्हणजे ‘यंत्र काळाच्या पुढे होते’. दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवून खोली निर्माण करण्याचे तत्त्व चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्येच मांडले होते. मान वळवली तर दृश्य वळावे, ही आभासी वास्तवाची किमान अट. ती येथे पुरी होत नाही, कारण पेटी टेबलावर खिळलेली. ती डोक्यावर घालण्याचा मूळ विचार सुरक्षिततेच्या धास्तीने सोडून देण्यात आला. हे यंत्र भविष्यातून आलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकातील दिवाणखान्यात ठेवल्या जाणाऱ्या स्टिरिओस्कोपचे ते विजेवर चालणारे वंशज होते.

आणि यात त्याची निंदा नाही. त्याचे जनक गुन्पेई योकोई यांची रीतच ती होती: मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यायचे आणि त्याचा कोणाच्या ध्यानीमनी नसलेला उपयोग शोधायचा. १९६५ मध्ये ते निन्टेंडोत पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी लागले. पुढे १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आणि १९८९ मध्ये ‘गेम बॉय’ त्यांच्या हातून घडले. ‘गेम बॉय’चा पडदाही मळकट हिरवा होता आणि प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत होते. तरी तो जिंकला. तो खिशात मावे, सेल पुरवून वापरी आणि मित्राच्या यंत्राला तारेने जोडता येई. तीच काटकसर ‘व्हर्च्युअल बॉय’मध्ये आहे, पण खिसा नाही आणि मित्रही नाही. पद्धत तीच, फळ उलटे. म्हणून ‘योकोईंची बुद्धी एकदाच फिरली’ हा सोपा निष्कर्ष पटत नाही.

त्यांच्याभोवतीची दंतकथाही येथेच निकाली काढलेली बरी. १९९६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी निन्टेंडो सोडली. पुढे ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अपयशाची शिक्षा म्हणून त्यांना घालवण्यात आले, असे सर्रास सांगितले जाते. योकोईंनी स्वतः हे कारण नाकारले होते. तरीही कथा टिकली, कारण अपयशाला बळी लागतो, असे ऐकणाऱ्याला आवडते.

दरम्यान यंत्रे मरू लागली आहेत. चित्रफलकाला जोडणारी चपटी पट्टी ज्या गोंदाने चिकटवली होती, तो वाळून सुटतो आणि चित्रातल्या आडव्या रेघा एकेक करून नाहीशा होतात. काही मालक पट्टी तापवून गोंद पुन्हा बसवतात. तो उपाय टिकाऊ नाही. खात्रीचा इलाज म्हणजे पेटी उघडून पट्टीतील बारीक तारा सोल्डरिंग करून पक्क्या करणे. हे काम करणाऱ्यांत यंत्राला मनापासून नावे ठेवणारेही आहेत, ही या साऱ्या प्रकरणातली विचार करण्याजोगी बाब. ज्या वस्तूवर खरोखर काट मारली, तिच्यासाठी कोणी सोल्डरिंग शिकत नाही. याच मंडळींपैकी काहींनी कधीही न निघालेली जोडतार स्वतः बनवली आणि ‘बाउंड हाय’ हा कंपनीने बाजारात न आणलेला खेळ खेळण्याजोगा केला.

सप्टेंबर २०२५ मध्ये निन्टेंडोनेच हे खेळ स्विचवर आणण्याची व त्यासाठी मूळ पेटीची प्रतिकृती विकण्याची घोषणा केली. आता साक्षीदारांची चौथी तुकडी तयार होईल. तिने ना १९९५ ची निराशा सोसली, ना गोंद सुटलेली पेटी उघडली. तिचे मत नोंदवताना हे टिपून ठेवावे लागेल.

मूळ यंत्र सुरू केले की खेळाआधी एक पडदा येतो. माथ्यावरची चकती फिरवून दोन भिंगांमधले अंतर आपल्या डोळ्यांशी जुळवून घ्या, असे तो सांगतो. पेटी शेजाऱ्याकडे सरकवली, की त्याला ती चकती पुन्हा पहिल्यापासून फिरवावी लागते.