मधुमेही तरुणांची झोप

दरवर्षी १४ नोव्हेंबर रोजी, इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्मदिनी, जागतिक मधुमेह दिन पाळला जातो. शिबिरे भरतात, बोटातून थेंबभर रक्त घेतले जाते आणि भात किती खावा, गोड किती वर्ज्य करावे, यावर व्याख्याने होतात. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु गोमंतकाला एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वीस वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण देशात शेकडा ११.४, तर गोव्यात शेकडा २६.४ आढळले. देशात पहिला क्रमांक आमचा! हा क्रमांक भूषणाचा खचितच नव्हे.

एकेकाळी उतारवयाचा मानला जाणारा हा रोग आता विशी-तिशीतल्या तरुणांनाही गाठू लागला आहे. काहींना तर तो बालपणापासूनच असतो आणि इन्सुलिनच्या सुईवाचून त्यांचा दिवस जात नाही. या तरुणांना काय खाता, किती चालता, असे सर्वजण विचारतात. रात्री किती तास झोपता, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

वस्तुतः झोप आणि रक्तातील साखर यांचे नाते अनुमानापुरते राहिलेले नाही. १९९९ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले. एवढ्या अल्पावधीत त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची शक्ती स्पष्टपणे घटली. २०१० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी बालपणापासूनच्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मोजक्या रुग्णांवर प्रयोग केला, तेव्हा एकाच रात्रीच्या अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा प्रभाव उणावलेला दिसला. प्रयोग लहान होते, हे खरे. पण त्यांचा रोख एकाच दिशेचा आहे. जागरणाने शरीरातील ताणाची संप्रेरके वाढतात, ती इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. शिवाय भूक चाळवते आणि अपरात्री हात फराळाच्या डब्याकडे जातो.

हे दुष्टचक्र उलटही फिरते. साखर वाढली की लघवीसाठी रात्री पुनःपुन्हा उठावे लागते. ती एकाएकी उतरली की घाम फुटून, छाती धडधडून जाग येते. त्या भीतीने कित्येक घरांत मुलाबरोबर त्याची आईही जागी असते. अशा तरुणाला ‘तू पथ्य पाळत नाहीस’ एवढेच ऐकवणे अन्यायाचे होय.

दोष एकट्या तरुणांचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मांडवीतील कॅसिनो, किनाऱ्यावरील हॉटेले, वेर्ण्याचे औषधी कारखाने, रुग्णालये यांचा व्यवहार रात्रपाळीवरच चालतो. दुपारच्या वामकुक्षीसाठी ख्यात असलेल्या या भूमीत रात्रीची झोप मात्र दुर्मिळ होत चालली आहे. ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवू नये, असा दंडक आहे. किनाऱ्यालगतच्या रहिवाशांना तो पाळला जातो काय, हे विचारून पाहावे! पर्यटकांच्या करमणुकीसाठी स्थानिकांनी आपले आरोग्य गहाण टाकावे, अशी अपेक्षा कोणीही करू नये.

तेव्हा काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. मधुमेही रुग्णाच्या केसपेपरवर झोपेचे तास, पाळीची वेळ आणि घोरण्याची सवय यांची नोंद व्हावी. मोठ्याने घोरणाऱ्याची झोपेत श्वास अडतो काय, हे तपासावे. मालकांनी मधुमेही कामगारांच्या पाळ्या दर आठवड्यास बदलू नयेत. जेवणाला व साखर तपासण्याला ठरलेली सुटी द्यावी. नोकरी जाईल या भयाने रोग लपवण्याची पाळी कोणावर येऊ नये. सरकारने आपल्याच खात्यांपासून आरंभ करावा.

तरुणांनाही आमचे सांगणे आहे. झोप ही औषधाची बदली नव्हे. डॉक्टरांना विचारल्यावाचून इन्सुलिनचे माप कमी-अधिक करू नये आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी निजण्यापूर्वी साखर तपासावी. पण निजण्या-उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवणे, सात तासांची झोप घेणे आणि मोबाईल उशापासून दूर ठेवणे, याला पैसा पडत नाही. रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसा खोलीत अंधार करून झोप पुरी करावी आणि घरच्यांनी ती मोडू नये.

ताटावर नजर ठेवण्यास आपण शिकलो आहोत. आता अंथरुणाकडेही लक्ष द्यावयास हवे. ज्या समाजात तरुणांना निवांत झोप मिळत नाही, त्याला मधुमेहाचा पहिला क्रमांक सहजासहजी सोडणार नाही.