हा आमचा शेवटचा अर्ज

प्रादेशिक परिवहन अधिकारी महोदय,

निवेदने देऊन झाली. प्रत्येकाच्या स्थळप्रतीवर तुमच्या कार्यालयाचा शिक्का आहे, आवक क्रमांक आहे. उत्तर एकाचेही नाही.

आता हा इशारा वाचा.

आम्ही जुन्या गाड्या विकत घेणारी माणसे आहोत. आमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, चालक आहेत, पर्यटनाच्या धंद्यात उतरलेली तरुण मुले आहेत. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्या धोरणावर विसंबून अनेकांनी पुंजी मोडली आणि वापरलेल्या कॅराव्हॅनसाठी महामार्गावरच्या गाडीबाजाराची वाट धरली.

तिथे काय विकले जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहून देतो. पुढे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे कोणी म्हणू नये.

बाहेरून नवा रंग. आत नवे व्हिनाइल. ते कोपऱ्यातून उचला. खालचे प्लायवूड बोटाने दबते, कारण छतातून गळलेले पाणी त्यात मुरले आहे. पलंगाखाली गॅसचा सिलिंडर. रबरी नळीला क्लिप नाही, तार गुंडाळली आहे. तिच्याच शेजारून इन्व्हर्टरची उघडी वायर.

त्या पलंगावर रात्री मुले झोपतात.

आता आरसी बघा. बॉडीच्या रकान्यात रुग्णवाहिका, नाही तर प्रवासी बस. कॅराव्हॅनचा उल्लेख नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल तुमच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्याचा कागद मागितला की डीलर विषय बदलतो.

अपघात झाला की विमा कंपनी विषय बदलत नाही. ती आरसी आणि गाडी ताडून पाहते. दोन्ही जुळत नाहीत म्हणून दावा नाकारते.

मालकाच्या रकान्यात तिसऱ्याच माणसाचे नाव असते. डीलरच्या खणात मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० चा गठ्ठा असतो. खाली विकणाऱ्याची सही. खरेदीदाराची जागा कोरी. गाडी हातोहात फिरते, आरसीवरचे नाव हलत नाही. बँकेचा बोजाही उतरत नाही.

यात विकणाराही बुडतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार. गाडी विकून मोकळे झालो असे समजणाऱ्या माणसाच्या दारात नोटीस येते. अशी माणसेही आज आमच्यासोबत आहेत.

नियम नाही, ही सबब चालणार नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकाऱ्याचे प्राधिकारपत्र बंधनकारक आहे. त्याची मुदत पाच वर्षे. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली, की फॉर्म २९सी मधून तशी सूचना तुमच्याकडे यायला हवी. त्या क्षणापासून डीलर त्या गाडीचा मानीव मालक. गाडी कुठे नेली, कशासाठी नेली, याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही त्याने ठेवायची.

प्राधिकारपत्र देणारे तुम्ही. निलंबित करणारे तुम्ही. गाडीबाजारात जाऊन ते एकदाही न मागणारेही तुम्हीच.

आम्ही थांबलो. साहेबांची बदली झाली म्हणालात, थांबलो. सर्व्हर बंद आहे म्हणालात, थांबलो. आचारसंहिता लागली, मार्चअखेर आली, तरी थांबलो.

आमच्यापैकी कोणी काच फोडली नाही. कोणावर शाई फेकली नाही. संयम हा आमचा निर्णय होता. निर्णय बदलता येतो.

मागण्या चार आहेत.

एक. गाडीबाजारातल्या प्रत्येक डीलरचे प्राधिकारपत्र तपासा. ज्याच्याकडे नाही, त्याचा व्यवहार थांबवा.

दोन. प्राधिकारपत्र असलेल्या डीलरांची यादी कार्यालयाच्या दर्शनी भागात लावा. मराठीत लावा.

तीन. विक्रीला उभी असलेली प्रत्येक कॅराव्हॅन आरसीशी ताडून पाहा. नियमबाह्य बांधणीची गाडी विकणाऱ्या डीलरसाठी मोटार वाहन कायद्याचे कलम १८२अ आहे. एक वर्षापर्यंत कैद, किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. ते कलम वापरा.

चार. कोऱ्या फॉर्मवर व्यवहार करणाऱ्यांची माहिती पोलिसांना लेखी कळवा. त्याची प्रत आम्हाला द्या.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस. मुदतवाढ नाही. चर्चेचे निमंत्रण नको. कारवाईचा कागद हवा.

सोळाव्या दिवशी काय होईल, तेही ऐका.

जिल्हा ग्राहक आयोगात संयुक्त तक्रार दाखल होईल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चे कलम ३५ त्याला वाट देते. फसवणुकीच्या फिर्यादी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होतील. एकेकट्या नव्हे, सगळ्यांच्या एकाच दिवशी.

उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका जाईल. तिच्यात प्रतिवादी डीलर नसेल. तुमचे कार्यालय असेल. तुम्ही शिक्का मारून परत दिलेली प्रत्येक स्थळप्रत तिला जोडलेली असेल. मौनाचा पुरावा तुम्हीच आम्हाला दिला आहे.

गाडीबाजाराच्या रस्त्यावर, हद्दीबाहेर, कायद्याच्या चौकटीत आमची माणसे उभी राहतील. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काय मागायचे ते सांगतील. रोज सांगतील.

कागदपत्रे तयार आहेत. वकीलपत्रांवर सह्या झाल्या आहेत. फक्त तारीख घालायची बाकी आहे.

डीलरांनाही एक वाक्य. ज्याचा व्यवहार सरळ आहे, त्याला आमच्यापासून धोका नाही. बाकीच्यांनी आपले खण तपासावेत.

आणि खरेदीदार बंधूंनो, भगिनींनो, हे १५ दिवस कोणालाही टोकन देऊ नका. आधी डीलरचे प्राधिकारपत्र पाहा. मग आरसीवरचे नाव, बॉडीचा प्रकार आणि बोजा पाहा. कोऱ्या कागदावर सही करू नका. गाडी नावावर चढल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.