इशापूरची रायफल घेऊ का?

परवा रात्री मॅडिसनहून एका मित्राचा फोन आला. मूळचा नागपूरचा, इथे विस्कॉन्सिनमध्ये येऊन बारा वर्षं झाली, आणि गेल्या वर्षापासून डोक्यात हरणाच्या शिकारीचं खूळ. "अरे, एका दुकानात इशापूर मिळून राहिली बे! लाकूड मस्त आहे, बोल्टचा आणि बॉडीचा नंबर जुळतो. या सीझनला हीच घेऊन जातो. ती प्लास्टिकच्या दस्त्याची नवीन रायफल कोण घेते?"

मी "बघू" म्हणून फोन ठेवला. पण झोप उडाली ती उडालीच. जे त्याला फोनवर धड बोलता आलं नाही, ते इथे लिहितो आहे. तो हे वाचेलच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे जिला सगळे थ्री-नॉट-थ्री म्हणतात ती ली-एनफिल्ड रायफल. इंग्रजांनी १९०७ साली तिचं जे रूप पक्कं केलं तेच बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरही बनत राहिलं. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने तीच जुनी रचना चांगल्या पोलादात, नव्या ७.६२ काडतुसासाठी बनवली. ती म्हणजे २ए आणि २ए१. पुढे या रायफली भंगारात न जाता जहाजं भरभरून अमेरिकेत आल्या आणि शंभर-सव्वाशे डॉलरला विकल्या गेल्या. मित्राला मिळते आहे ती यांतलीच एक.

बंदुकीचं नाव काढताच ज्यांचा रक्तदाब चढतो त्यांनी इथेच थांबायला माझी हरकत नाही. अमेरिकेतल्या बंदुकांचा प्रश्न खरा आहे, भयंकर आहे, आणि त्यावर मी पूर्वी लिहिलं आहे. आजचा विषय तो नाही. आज विषय आहे नोव्हेंबरातले ते नऊ दिवस, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासूनचे, जेव्हा इथले शेतकरी, शिक्षक, प्लंबर आणि आमच्यासारखे दोन-चार देशी लोक नारिंगी कपडे घालून जंगलात बसतात. आणि विषय आहे ते हरीण.

तर मित्राचं पहिलं म्हणणं, जुनी स्वस्त पडते. अरे बाबा, कुठल्या काळात आहेस? वीसेक वर्षांपूर्वी ते खरं होतं. रशियन मोसिन-नागां तर तेव्हा शंभर डॉलरच्या आत यायची, लोक जोडीने उचलायचे. तो साठा संपला. आज त्याच इशापूरला दुकानदार चौपट-पाचपट सांगतो, आणि तेवढ्यात किंवा थोडे जास्त घालून रुगर अमेरिकनसारखी कोरी रायफल येते, .३०८ मध्ये, वर दुर्बीण बसवायची सोय असलेली. जुनीवर दुर्बीण बसवायची म्हणजे पोलादात भोकं पाडायची, चाप हलका करून घ्यायचा, लाकूड कापायचं. असं करून कापलेल्या शेकडो रायफली मी इथल्या प्रदर्शनांत बघितल्या आहेत. धड इतिहास नाही, धड शिकारीची नाही. सर्कशीतून निवृत्त झालेल्या हत्तीसारख्या उभ्या असतात बिचाऱ्या. आणि हिशोब केलात तर दोन नव्या रायफली आल्या असत्या.

शिवाय काडतुसं. "लष्करी गोळ्या स्वस्तात मिळतात" हे पालुपद मी रेंजवर अजून ऐकतो. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत जे रसायन असायचं ते जळल्यावर नळीत मिठासारखा क्षार सोडतं. हा क्षार हवेतलं पाणी ओढतो, आणि त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुतली नाही तर आठवड्यात गंज. पण ते सोडा. खरी गोम वेगळीच आहे. लष्करी गोळीला पूर्ण धातूचं कवच असतं. ती फुलत नाही, आरपार जाते. इथला कायदा हरणासाठी न फुलणारी गोळी वापरूच देत नाही, कारण ती जनावराला भोक पाडून सोडून देते आणि ते तासन्‌तास मरत राहतं.

गंमत बघा. फुलणारी गोळी प्रसिद्ध झाली ती इशापूरपासून थोड्याच अंतरावरच्या डमडमच्या शस्त्रागारात, १८९० च्या दशकात, याच .३०३ काडतुसासाठी. (हो, कोलकात्याचं विमानतळ जिथे आहे तेच डमडम.) इतकी क्रूर ठरली की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात वापरायची नाही असं ठरलं. म्हणजे माणसाला मारताना जी निषिद्ध, तीच हरणाला मारताना सक्तीची! आणि दोन्ही नियमांमागे दयाच आहे. युद्धात जखमी माणूस वाचावा म्हणून एक गोळी, शिकारीत जनावर लवकर मरावं म्हणून दुसरी. या एका फरकात मला सगळं उत्तर दिसतं, पण त्याकडे नंतर येतो.

दुसरं म्हणणं, "जुनं ते सोनं. हिच्यावर दोन महायुद्धं लढली गेली, हिला काय होतंय?" हिच्यावर म्हणजे नक्की कुणावर? तुझ्या हातातली तर महायुद्धानंतर वीस वर्षांनी बनली, भाऊ. आणि मजबूत म्हणजे काय? चिखलात, वाळवंटात, धांदलीत बोल्ट अडकत नाही, या अर्थाने ती मजबूत आहेच. पण मधल्या पन्नास-साठ वर्षांत तिचं काय काय झालं हे कुणाला माहीत? बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मागेपुढे किती जागा उरते ते गेज लावून मोजावं लागतं. झीज होऊन ही जागा वाढली की काडतुसाचं पितळ फाटू शकतं आणि तप्त वायू तोंडाच्या दिशेने येतो. नंबर जुळला म्हणजे ही मापं जुळली असं नाही. कुणी तीस डॉलर वाचवायला गनस्मिथकडे जात नाही तेव्हा मला खरंच राग येतो.

भारतातून आलेल्या मालाची तर वेगळीच गंमत. कशावर डी.पी. असा शिक्का असतो, म्हणजे फक्त कवायतीची, गोळी झाडायची नाही. कशाच्या पुढच्या भागाला तांब्याची तार गुंडाळलेली असते. लोकांना वाटतं काय सुंदर नक्षी! ती रायफल ग्रेनेड फेकायला वापरत, आणि त्या धक्क्यांनी लाकूड फुटू नये म्हणून ती तार. काही तर पोलीस आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी .४१० ची एकबारी बनवलेल्या. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. आणि दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी कानशीने घासून बनवलेल्या नकला वेगळ्याच. इंग्रजी एन उलटा कोरलेला असला की समजायचं.

बरं, नवी म्हणजे काही परग्रहावरून आलेली वस्तू नाही. आजची साधी बोल्टची रायफल १८९८ च्या जर्मन माउझरची नातच आहे. कल्पना तीच आहे, फरक मापांचा आहे. कारखान्यातून मापं तपासून आलेली नळी, अंगठ्याखाली येणारा सेफ्टीचा खटका, हवा तसा हलका करता येणारा चाप, दुर्बिणीसाठी तयार जागा. दस्ता प्लास्टिकचा असतो, मान्य. दिसायला नळाच्या पाइपसारखी, तेही मान्य. तिच्याकडे बघून कुणाला काही आठवणार नाही.

आणि इथे मित्राचं तिसरं, न बोललेलं म्हणणं येतं. खरं कारण तेच आहे. आम्ही दोघेही एन.सी.सी.वाले. सकाळी सहाला मैदानात ती चार किलोची थ्री-नॉट-थ्री खांद्यावर घेऊन "बाजू शस्त्र" करणं, वार्षिक कॅम्पात पाच राउंड आणि खांद्यावर दोन दिवस राहणारा निळा डाग. तेलात भिजलेल्या लाकडाचा तो वास! परदेशात एका दुकानाच्या भिंतीवर अचानक आर.एफ.आय. हा शिक्का दिसला की घशात आवंढा येतो. माझ्याही आला होता. २००४ साली मी एकशे तीस डॉलर मोजून ती घरी आणली. (ज्यांचा व्हिसा अजून एच-वन आहे त्यांनी आधी शिकारीचा परवाना काढावा. त्याशिवाय सहसा बंदूक विकत घेता येत नाही, आणि घेतलीत तर गुन्हा.)

मला आठवणीचं वावडं नाही. पण थ्री-नॉट-थ्रीवर गहिवरणारे आपण सगळे ते, ज्यांना तिच्या भरवशावर जीव वाचवायची वेळ आली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ घेऊन आलेल्या दोघांसमोर आपल्या पोलिसांच्या हातात लाठ्या आणि याच जुन्या रायफली होत्या. त्यांचं धैर्य मी मोजू शकत नाही. पण "हिला काय होतंय, चालतेय की अजून" असं म्हणत वर्षानुवर्षं फायली पुढे ढकलणाऱ्या सायबांना ती रात्र कुठल्या फलाटावर काढावी लागली? उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी, संचलनात, सलामी देऊन. निरोप छान होता म्हणे. किती उशिरा होता हे कुणी बोललं नाही.

असो. भरकटलो.

२००५ चा नोव्हेंबर. मी तीच इशापूर घेऊन बसलो होतो. गोळ्या योग्य होत्या, फुलणाऱ्या. गेज लावून तपासलेली रायफल होती. सगळं नियमाप्रमाणे. सूर्य बुडायला आला तेव्हा झाडांच्या कडेला एक मादी आली, दीडशे यार्डांवर. मी पुढची माशी तिच्यावर धरली. आता ही माशी म्हणजे नळीच्या टोकावरची पोलादाची पट्टी. दीडशे यार्डांवर ती साधारण नऊ-दहा इंच झाकते. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जेवढी जागा, तेवढीच. म्हणजे जिथे मारायचं तीच जागा दिसेनाशी होते. उजेड कमी, चाप जड. मी झाडली.

गोळी पोटात लागली. ती धावली. आम्ही टॉर्च घेऊन रात्री अकरापर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरलो. ज्यांच्या शेतावर होतो ते आजोबाही सोबत होते, सत्तरी उलटलेले, बर्फात गुडघ्यावर बसून पानं उलटी करून बघत होते. माझ्यावर चिडले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत. सकाळी सापडली. कोल्ह्यांनी अर्धी खाल्ली होती. बर्फात ती तीन ठिकाणी बसून उठल्याच्या खुणा होत्या.

दोष रायफलीचा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या वेळी इंग्रज शिपायाला हिच्यातून मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडायला शिकवत, तीनशे यार्डांवर. ते काम ती अप्रतिम करायची. एक चुकली तर दुसरी, दुसरी चुकली तर तिसरी, आणि समोरचा निव्वळ जखमी झाला तरी फौजेचं काम भागत असे. माझं काम नेमकं उलटं होतं. एकच गोळी, पहिली, आणि तिथल्या तिथे शेवट. युद्धासाठी बनवलेल्या वस्तूकडून मी दयेचं काम करून घ्यायला निघालो होतो, आणि ते का, तर मला एन.सी.सी.ची आठवण येत होती.

लोक म्हणतील, जुन्या रायफलीने शिकार करणारे इथे हजारो आहेत आणि चांगली करतात. करतात. ते वर्षभर तिच्यावर सराव करतात, साठ-सत्तर यार्डांपलीकडे झाडत नाहीत आणि उजेड कमी झाला की रायफल रिकामी करून घरी जातात. त्यांच्यापुढे मी टोपी काढतो. पण माझा मित्र वर्षातून दोनदा रेंजवर जातो, त्यातही एकदा फोटो काढायला. (चिडू नकोस रे.)

तेव्हा नागपूरकर, इशापूर घ्यायची तर जरूर घे. पण स्वस्त म्हणून नको, मजबूत म्हणून नको. ती आपली आहे म्हणून घे, आणि मग ते सरळ सांग. लाकूड कापू नकोस, भोकं पाडू नकोस. माझी कपाटात आहे, बोल्ट वेगळा काढून ठेवलेला. खंडेनवमीला बाहेर काढतो, जवसाचं तेल लावतो, फूल वाहतो, मुलाला आर.एफ.आय. म्हणजे काय ते सांगतो. दर उन्हाळ्यात रेंजवर कागदावर दहा गोळ्या झाडतो. खांदा अजून निळा होतो.

जंगलासाठी मात्र ती पाइपसारखी दिसणारी घे. येत्या शनिवारी रेंजवर ये, दुर्बीण जुळवून घेऊ, शंभर यार्डांवर. येताना काडतुसांच्या दोन पेट्या आण आणि दुपारचा डबा. आणि दुकानदाराला फोन करून ती इशापूर आठवडाभर बाजूला ठेवायला सांग. गेज माझ्याकडे आहेत.