विद्यार्थी आवारात आणि परदेशात
गणेशखिंडीच्या विद्यापीठात, ललित कला केंद्रात, २ फेब्रुवारी २०२४ रोजी विद्यार्थ्यांचे नाटक उधळण्यात आले; वर अटक झाली ती विभागप्रमुखांस व पाच विद्यार्थ्यांस! नाटक रुचले नाही तर उठून जावे, लेखणी उचलावी. रंगमंचावर चढणे ही टीका नव्हे, दांडगाई होय. आवारातच ज्याचा पाठीराखा नाही, त्याची परदेशात वास्तपुस्त कोण करणार? २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा सरकारने 'ऑपरेशन गंगा' राबवून हजारो विद्यार्थी परत आणले खरे. परंतु सीमेपर्यंतची वाट पुष्कळांना आपली आपणच काढावी लागली. आम्ही शिक्षक असताना सिंहगडच्या सहलीसही हजेरीपट नेत असू. परदेशी निघालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची आपल्या वकिलातीकडे नोंद झाली की नाही, एवढे तरी विद्यापीठाने पाहावे.